पाय नसलेली भुते

आपल्याकडच्या भुतांचे पाय उलटे असतात. ही माहिती कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. तरी मराठी घरात वाढलेल्या मुलाला ती पाढ्यांच्या आधी येते. तिन्हीसांजेनंतर वाटेत कोणी अनोळखी भेटले तर आधी त्याच्या पायांकडे पाहावे, टाचा पुढे दिसल्या तर रामरक्षा म्हणावी आणि मागे वळून न पाहता घर गाठावे, एवढे शास्त्र आम्हाला आजीने दिले होते. जपानी माणसाला मात्र ह्या शास्त्राचा काडीइतका उपयोग नाही. त्यांच्या भुतांना मुळी पायच नसतात!

अठराव्या शतकात मारुयामा ओक्यो नावाचा एक नामांकित चित्रकार तिथे होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या भुताच्या चित्रात एक बाई कमरेपर्यंत स्पष्ट दिसते आणि त्याखाली विरत विरत नाहीशी होते. पुढच्या चित्रकारांनी तोच कित्ता गिरवला. अंगात पांढरा किमोनो, म्हणजे तिकडे प्रेताला घालतात तो. मनगटापासून खाली लोंबणारे हात. आणि सुटलेले लांब काळे केस. जुन्या जपानात घरंदाज बाई केस बांधल्यावाचून चारचौघांत येत नसे. मोकळे केस म्हणजे काहीतरी भलतेच झाले आहे, हे पाहणाऱ्याने ओळखावे. "दिवेलागणीला केस सोडून दारात उभी राहू नकोस गं," म्हणून ओरडणाऱ्या माझ्या आजीला ह्या भुताचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसता.

मी ह्या भुतांच्या नादी लागले ती बावन्नाव्या वर्षी. ह्या वयात बायका भिशी, भजनी मंडळ किंवा गुडघेदुखी ह्यांपैकी एकीचा आश्रय करतात. माझा भाचा नोकरीनिमित्त दोन वर्षे योकोहामाला राहून 2004 साली परत आला. येताना मावशीसाठी त्याने एक सुबक पंखा, हिरव्या चहाचा डबा आणि स्वतःसाठी चित्रपटांच्या तबकड्यांनी भरलेली एक पिशवी आणली. चहा कडू निघाला, पंखा शोकेसमध्ये गेला, आणि ती पिशवी मात्र आमच्या ठाण्याच्या घरी मुक्कामाला राहिली, कारण मोठा टेलिव्हिजन आमच्याकडे होता. दर शनिवारी रात्री भाचा आणि त्याचे चार-पाच मित्र जमू लागले. बैठकीतले दिवे मालवायचे, पंखासुद्धा हळू ठेवायचा, बोलायचे नाही, आणि शेवया कुरकुरीत असतील तर त्या चघळून खायच्या, असे त्यांचे कडक नियम होते. कीर्तनालासुद्धा मी इतकी शिस्त पाहिली नाही!

पहिला चित्रपट होता 'रिंगू'. हिदेओ नाकाता ह्यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1998 च्या जानेवारीत जपानात लागला आणि त्याने भुतांच्या चित्रपटांचा एक नवा जमाना सुरू केला. गोष्ट अगदी साधी. एक व्हिडिओ कॅसेट आहे. जो ती पाहतो त्याला लगेच फोन येतो, आणि सात दिवसांनी तो मरतो. शेवटाकडे टेलिव्हिजनच्या काचेत एक विहीर दिसते. विहिरीतून पांढऱ्या कपड्यांतली सादाको बाहेर येते, तोंडावर केस ओढलेली, अडखळत चालते, चालते, आणि काचेतून सरळ समोरच्या खोलीत उतरते. तिचे ते चालणे पाहून माझ्या पोटात गोळा आला. नंतर भाच्याने खुलासा केला, की त्या नटीला उलटे चालायला लावून ते चित्रण उलट्या बाजूने दाखवले आहे. म्हणजे फिरून उलटे पाय आलेच! मी मनातल्या मनात आजीला नमस्कार केला.

चित्रपट संपला आणि बैठकीतला टेलिफोन वाजला. पाच तरणीबांड मुले आणि आम्ही उभयता. एकाचाही हात रिसीव्हरकडे जाईना. बारा-तेरा वेळा वाजून तो थांबला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी तक्रार केली, की विरजण मागायला फोन केला तर तुम्ही घरात असून उचलला नाहीत.

मला आश्चर्य वाटले ते ह्या चाहत्यांचे. घाबरण्यासाठी आलेली ही मुले घाबरण्याचा बारीक हिशेब ठेवीत. 2002 साली अमेरिकेत 'रिंगू'ची नक्कल निघाली. तिच्यात काय बिघडले ह्यावर ती तासभर वाद घालीत. ताकाशी शिमिझु ह्यांचा 'जु-ऑन' आधी फक्त व्हिडिओसाठी काढला होता, मग तो चित्रपटगृहात आला, आणि 2004 साली हॉलिवूडने त्याच शिमिझुंना बोलावून, टोकियोतच चित्रण करून, तीच गोष्ट इंग्रजीत सांगायला लावली, हे सारे त्यांना घरच्या कुंडलीसारखे पाठ. एकाकडे टार्टन ह्या ब्रिटिश कंपनीच्या 'एशिया एक्स्ट्रीम' मालिकेतल्या तबकड्या होत्या, त्या तो रुमालात गुंडाळून आणी. कियोशी कुरोसावा ह्यांच्या 2001 च्या 'काइरो'त भुते इंटरनेटमधून येतात, आणि माणसे भीतीने नव्हे तर एकटेपणाने भिंतीवरचे काळे डाग होऊन जातात. तो पाहिल्यावर मुले बराच वेळ गप्प होती. त्यांतली तीन मुले खोली घेऊन एकटी राहणारी होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले, आणि पुढच्या शनिवारपासून मी त्यांना जेवायलाच बोलावू लागले.

एकदा त्यांनी शंभर गोष्टींचा खेळ मांडला. जुन्या जपानात हा खेळ उन्हाळ्याच्या रात्री चालत असे. निळा कागद लावलेल्या दिव्यात शंभर वाती लावायच्या, एकेकाने भुताची गोष्ट सांगायची आणि एकेक वात विझवायची. शंभरावी विझली की खरेच कोणीतरी येते, म्हणून शहाणे लोक नव्याण्णवावर थांबत. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन होते, तेव्हा अंधार आयता मिळाला. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या मी काढून दिल्या. सतराव्या गोष्टीला वीज आली, पंखा फिरू लागला आणि उरलेल्या पणत्या आपोआप विझल्या. एका झटक्यात इतक्या गोष्टी संपलेल्या जपानातही कोणी पाहिल्या नसतील.

भुते आणि उन्हाळा ह्यांची सांगड मला आधी कळेना. आपल्याकडे उन्हाळ्यात पन्हे करतात. पण त्यांचा ओबोन हा सण त्याच दिवसांत येतो. आपल्या पितृपक्षासारखेच त्या दिवसांत पितर घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, आणि मग दिव्यांच्याच सोबतीने त्यांची पाठवणी करतात. पितर येतात तर त्यांच्या मागोमाग न बोलावलेलेही येणारच. शिवाय उकाड्यात अंगावर काटा आला की तेवढेच गार वाटते, असा व्यवहारी विचारही त्यात आहे. म्हणून काबुकी रंगभूमीवर भुताची नाटके उन्हाळ्यात लागत.

त्यांतले सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे त्सुरुया नाम्बोकू ह्याचे 1825 सालचे योत्सुयाचे नाटक. इएमोन नावाच्या कफल्लक सामुराईची बायको ओइवा नुकतीच बाळंत झालेली असते. शेजारच्या श्रीमंताला आपली नात इएमोनला द्यायची आहे. तो औषध म्हणून ओइवाला विष पाठवतो. तिचा चेहरा विद्रूप होतो. ती आरशासमोर केस विंचरायला बसते आणि फणीबरोबर केसांचे झुपकेच्या झुपके हातात येतात. ती मरते, आणि मग इएमोनला एक क्षण स्वस्थता लाभत नाही. ह्या गोष्टीवर कितीतरी चित्रपट निघाले. नोबुओ नाकागावा ह्यांचा 1959 चा त्यांत फार वाखाणला जातो. आजही हे नाटक किंवा चित्रपट करायचा झाला, तर मंडळी आधी टोकियोतल्या योत्सुया भागात ओइवाच्या नावाच्या देवळात जाऊन तिला नमस्कार करून येतात. आपल्याकडे नारळ फोडून नटराजाला हात जोडतात, तिथे भुतालाच हात जोडतात. मला हे फार आवडले. जिच्यावर अन्याय झाला तिची गोष्ट सांगून पैसे मिळवायचे, तर निदान तिला विचारावे तरी!

हिमेजीच्या किल्ल्यात एक विहीर दाखवतात. ओकिकू नावाच्या मोलकरणीवर दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक चोरल्याचा आळ आला, तिला मारून विहिरीत टाकले, आणि रात्री ती विहिरीतून ताटल्या मोजते. एक, दोन करीत नवापर्यंत येते, आणि किंकाळी. सादाकोची विहीर हीच, फक्त तिला टेलिव्हिजन जोडला.

भाच्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा मला आमच्या गावची विहीर आठवली. कोकणातल्या गावात अशी एक तरी विहीर असतेच. आमच्या लहानपणी तिच्याकडे दुपारी बारा वाजता जाऊ देत नसत. तिथे 'कोणीतरी' आहे, एवढेच सांगत. पुष्कळ वर्षांनी एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंकडून मला कळले, की ते 'कोणीतरी' म्हणजे एक एकोणीस वर्षांची सून. गावाने, घराने आणि पोलीसपाटलाने तिच्याबद्दल दोनच शब्द नोंदवले होते: पाय घसरला. ती ज्या विहिरीवर रोज सकाळ-संध्याकाळ दोन वर्षे पाणी भरत होती, तिथे तिचा पाय घसरला! नोंद अशी झाली. पण गावातल्या प्रत्येक आईने आपल्या मुलाला त्या विहिरीची भीती घातली, आणि भीतीच्या रूपाने ती मुलगी साठ वर्षे गावात राहिली. कागदावर जे लिहायचे नसते ते माणसे भुताच्या खात्यावर मांडून ठेवतात. तिकडेही तसेच, इकडेही तसेच.

ह्या गोष्टी जगाला ठाऊक झाल्या त्यालाही एक बाईच कारण आहे. ग्रीसमध्ये जन्मलेला लाफकाडिओ हर्न फिरत फिरत जपानात पोहोचला, तिथलाच झाला. त्याची बायको सेत्सु संध्याकाळी त्याला जुन्या गोष्टी सांगे आणि तो त्या इंग्रजीत लिही. त्याचे 'क्वाइदान' हे पुस्तक 1904 साली निघाले. मासाकी कोबायाशी ह्यांनी हर्नच्या चार कथांवर 1964 साली त्याच नावाचा चित्रपट काढला आणि पुढल्या वर्षी कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले. त्यात होइची नावाचा एक आंधळा वादक आहे. भुतांनी त्याला पाहू नये म्हणून त्याच्या सर्वांगावर मंत्र लिहितात, फक्त कान राहून जातात. आणि भूत कान तोडून नेते. आपल्याकडच्या कथेत गांधारीच्या दृष्टीपुढे दुर्योधनाची झाकलेली मांडी तेवढी कच्ची राहते, त्याची आठवण येते. पण सांगायची गोष्ट ती नव्हे. त्या चित्रपटात रंगवलेले आकाश आहे, आणि एका ठिकाणी त्या आकाशात मोठाले डोळे आहेत. ते डोळे काही करीत नाहीत. नुसते पाहतात. जपानी भीतीचे मर्म मला तिथे सापडले. तिथे दार धाडकन आपटत नाही. कोपऱ्यात कोणीतरी उभे असते, आणि आपले लक्ष जाईपर्यंत वाट पाहते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. त्या दिवसांत माझी मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षांच्या मुलीसह मुलुंडला भाड्याच्या जागेत राहत होती. आमच्यापासून एका स्टेशनाचे अंतर. "इथेच ये," असे आम्ही दोघांनीही सांगून पाहिले होते. पण मुलीचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न कोर्टात होता, आणि आपण एकटीने सगळे निभावून दाखवले पाहिजे असे तिने मनाशी घट्ट धरले होते. मदत मागितली की ती कागदावर येईल आणि उद्या आपल्यावरच उलटेल, अशी तिची समजूत. ती कचेरीतून धावत निघे, पाळणाघराच्या बाई घड्याळाकडे बघत उभ्या असत. मला हे सारे दिसत होते, पण तिने दार लोटून घेतले होते.

'रिंगू'तही नवऱ्यापासून वेगळी झालेली, टेलिव्हिजनसाठी बातमीदारी करणारी एक आई आहे. कोजी सुझुकी ह्यांच्या 1991 च्या मूळ कादंबरीत तिथे पुरुष होता. चित्रपटाने ती बाई केली. सुझुकी स्वतः बायको नोकरीला जाई तेव्हा घरी राहून मुली सांभाळीत, आणि त्यांनी मुलांच्या संगोपनावरही लिहिले आहे. शेवटी त्या आईला कळते, की कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली तरच आपला मुलगा वाचेल. ती आपल्या वडिलांना फोन करते आणि मोटारीत बसून त्यांच्याकडे निघते. इथे चित्रपट संपतो. त्या रात्री मुलांमध्ये मोठा वाद झाला. म्हाताऱ्या बापाला मरणाच्या दारी ढकलणारी ही कसली मुलगी? माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, तिने त्यांना नुसते विचारले असते, तरी ते हो म्हणाले असते. नातवंडासाठी कोण नाही म्हणेल?" हे वाक्य भाच्याने नंतर माझ्या मुलीला थट्टेने सांगितले होते.

पुढे एका शनिवारी नात तिच्या वडिलांकडे गेली होती, म्हणून मुलगी आमच्याकडे आली. त्या रात्री नाकातांचा 2002 चा 'डार्क वॉटर' लावला होता. वेगळी झालेली एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जुन्या इमारतीत राहायला येते. छतावर ओलीचा डाग पडतो आणि वाढत जातो. ती व्यवस्थापकाला सांगते, तो दुर्लक्ष करतो. जागेच्या दलालाला सांगते, तोही टोलवतो. इथपर्यंत चित्रपट ठाणे-मुलुंडचाच वाटला! पण नवरा मुलीच्या ताब्यासाठी भांडत असतो, आणि तिने पूर्वी कधी मनाच्या आजारावर उपचार घेतले होते हे उकरून काढतो. मुलीच्या शाळेत पोहोचायला तिला उशीर होतो. एक लाल पिशवी फेकून दिली तरी परत परत गच्चीवर सापडते. ती पिशवी वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या मुलीची असते. तिची आई तिला सोडून गेली, शाळेतून न्यायला कोणी आले नाही, ती एकटीच घरी आली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडली. त्या भुताला सूड नको असतो. त्याला आई हवी असते. आणि शेवटी स्वतःच्या मुलीला वाचवण्यासाठी ती बाई त्या भुताची आई होते.

मुले पाण्याच्या आवाजाबद्दल, हिरवट रंगाबद्दल चर्चा करू लागली. माझी मुलगी कपबशा उचलून आत गेली. मी मागोमाग गेले. नळ चालू होता आणि ती नुसती उभी होती.

"घाबरलीस का गं?" मी विचारले.

"भुताला नाही," ती म्हणाली. "आई, परवा विक्रोळीला गाडी चाळीस मिनिटे थांबली होती. मी पोहोचले तेव्हा ती पाळणाघराच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. बाकीची सगळी मुले गेली होती. रडत नव्हती. नुसती रस्त्याकडे पाहत होती."

मी नळ बंद केला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या आजोबांबद्दल तू काय म्हणाली होतीस?"

"विचारले असते तर हो म्हणाले असते."

"मग मी विचारते," ती म्हणाली.

सोमवारपासून नातीला आणायला मी जाऊ लागले. वकिलांनी तर उलट हे चांगलेच झाले म्हणून सांगितले, आणि यथावकाश नातीचा ताबा तिच्या आईकडेच राहिला. हे त्या चित्रपटामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण जी गोष्ट घरात कोणाला उच्चारता येत नव्हती, ती एका परक्या देशातल्या पाच-सहा वर्षांच्या भुताने उच्चारून दाखवली, एवढे खरे.

आता पुष्कळ वर्षे लोटली. सादाकोचा धाकही पूर्वीसारखा राहिला नाही. 2012 साली नव्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ती टोकियो डोममध्ये बेसबॉलच्या सामन्याचा पहिला चेंडू टाकून आली. 2016 साली तिची आणि 'जु-ऑन'मधल्या कायाकोची पडद्यावर झुंज लावली. त्याच वर्षीच्या जुलैत फुनाई ह्या जपानी कंपनीने व्हिडिओ यंत्रे बनवणे थांबवले. तशी यंत्रे बनवणारी ती शेवटचीच कंपनी होती. शाप आहे, पण वाजवायला यंत्र नाही! माझी नात आता पंचविशीची आहे आणि आमच्या भाच्यापेक्षाही कडवी चाहती आहे. तिच्या मैत्रिणी सादाकोला पाहून हसतात. 'डार्क वॉटर' लावला की मात्र हसत नाहीत.

नातीची कचेरी लोअर परळला. कधी कधी रात्रीचे अकरा वाजतात. मग माझी मुलगी सपाता पायांत सरकवते आणि स्टेशनच्या पुलाखाली जाऊन उभी राहते. "आई, मी काय लहान आहे का?" म्हणून नात दर वेळी चिडते. तिची आई काही बोलत नाही. तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावते, आणि दोघी घराकडे चालू लागतात.